पेडल खाली गेलं

गाडी घेतली त्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी मला लिंबू-मिरच्या आणून दिल्या. एकीने काळी बाहुलीही आणली. मी सगळं परत केलं. आमच्याकडे हे चालत नाही, मी म्हटलं, आम्ही विहारात जाणारी माणसं, आमची गाडी आमच्या अकलेवर चालेल. बोलायला मी कोणाला ऐकत नाही. पंचवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांपुढे उभी राहिलेली बाई, मला कोण शिकवणार? त्या बिचाऱ्या लिंबू-मिरच्या घेऊन मुकाट्याने गेल्या.

आणि मग त्या नव्या गाडीसाठी (नवी म्हणजे आमच्यासाठी नवी, तिचा पहिला मालक जालन्याचा होता) मी माझा स्वतःचा एक नियम काढला. गाडीत चपला घालून बसायचं नाही. दारात चपला काढायच्या, पिशवीत घालायच्या, पिशवी डिकीत टाकायची, मग पाय झटकून आत. पाहुणे असोत, शाळेतले गुरुजी असोत, माझे सासरे असोत. नवरा बुलढाण्याला नोकरीला, तो शनिवारी यायचा. तो चिडवायचा की, हिने घरातला उंबरठा गाडीला लावला. मी म्हणायची, लावला तर लावला, माझी गाडी आहे. खालची मॅट इतकी स्वच्छ असायची की तिच्यावर पोळी लाटावी.

एकट्या बाबांचा याला विरोध होता. माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. तीस वर्षं त्यांनी बसगाड्यांखाली झोपून काढली. आई गेल्यावर मी त्यांना देऊळगाव राजाला माझ्याकडे आणलं. गाडी आली तशी त्यांच्या अंगात वारं शिरलं. रोज सकाळी सहाला बोनेट उघडायचे, ऑइलची काडी पुसून पाहायचे, पाण्याची टाकी पाहायचे, चारी चाकांना हाताने दाबून बघायचे. मला साखरखेर्ड्याकडच्या माझ्या शाळेत जायला रोज दीड तास गाडी चालवावी लागायची. मी तयार होऊन बाहेर येईपर्यंत काच पुसलेली, आरसे लावलेले. गाडी सुरू केली की ते कान लावून उभे राहायचे. इंजिनचा पट्टा कुरकुरतो आहे म्हणायचे. मला कधी काही ऐकू आलं नाही, पण पट्टा बदलला की आवाज गेला, असं ते समाधानाने सांगायचे.

चपलांचं मात्र त्यांना पटत नव्हतं. मशीनमध्ये पायात काहीतरी पाहिजे, म्हणायचे, अनवाणी पायाले पेडल नीट समजत नाही. आणि पायाखाली काही ठेवायचं नाही. बाटली नाही, छत्री नाही, काही नाही. डेपोत ते नव्या ड्रायव्हरांना हेच सांगायचे. मी हो हो म्हणायची. खरी गोष्ट अशी, की सगळ्यांच्या चपला डिकीत जायच्या आणि माझ्या मात्र माझ्या सीटखाली. चालवणाऱ्या बाईने दरवेळी डिकी कुठे उघडत बसायचं? नियम दुसऱ्यांसाठी असतात, हे मी शाळेतही पाहिलं होतं, फक्त स्वतःकडे वळून कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर ब्रेक दाबला की पुढून करकर आवाज यायला लागला. पॅड झिजले, बाबा म्हणाले. गॅरेजमध्ये टाकू, मी म्हटलं. ते असे बघायला लागले की जणू मी त्यांचा पाणउताराच केला. मग एका रविवारी त्यांनी अंगणात जॅक लावला, खाली लाकडी ठोकळे दिले, आपली पान्यांची गुंडाळी उघडली. तेलकट कापडाची ती गुंडाळी, प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा, डेपोतून निवृत्त होताना सोबत आणलेली. पॅड बदलले. मग म्हणाले, ब्रेकचं तेलही जुनं झालंय, बदलून टाकू, नि आतली हवाही काढू. मी सीटवर बसून पेडल दाबायचं, ते चाकाजवळची निपल, तेल सोडायचा बारीक स्क्रू, सैल करणार, तेलासोबत हवेचे बुडबुडे बाहेर येणार. दाब. धरून ठेव. सोड. दाब. चारी चाकं झाली तोवर दुपार झाली. सत्तरीतला माणूस, पण उठला तेव्हा चेहरा तिशीतल्यासारखा. त्यांनी मला पेडल दाबून बघायला लावलं. टणक होतं, जिथं पाहिजे तिथं धरत होतं.

दोन दिवसांनी बीबी गावाला आत्याकडे जायचं होतं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तिच्या नातवाचं बारसं होतं. मला सुट्टी होती. बाबांच्या चपला पिशवीत, पिशवी डिकीत; माझ्या चपला माझ्या सीटखाली. त्या दिवशी मी नव्या घातल्या होत्या, जाड टाचेच्या. बारशाला म्हणून.

बीबीच्या अलीकडे एक लांब उतार लागतो. उताराच्या खाली एसटी उभी होती, माणसं उतरत होती. मी लांबूनच ब्रेकवर पाय ठेवला.

ब्रेक दबला नाही.

अजून जोर लावला. पेडल हलेचना. गाडी उतारावर होती नि पुढे एसटी, आणि एसटीच्या मागून एक बाई हातात पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला निघालेली. मला वाटतं मी नुसतीच पेडलवर उभी राहिले असेन. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं नि एवढंच म्हणाले, "गिअर खाली टाक. स्टेअरिंग डावीकडे." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. त्यांनी हँडब्रेक धरला, एकदम ओढला नाही, थोडा ओढला, सोडला, परत ओढला. मी गिअर टाकला. गाडी दणके देत रस्त्याच्या खाली उतरली. उतरता उतरता आरसा त्या बाईच्या पिशवीला लागला. पिशवी हवेत उडालेली मी पाहिली. बाई मला दिसली नाही.

सोयाबीन काढून रिकामं झालेलं वावर होतं ते. ढेकळांत जाऊन गाडी थांबली.

मी मागे पाहिलं. बाई रस्त्यावर बसली होती. बसली होती म्हणजे जिवंत होती. तिच्याभोवती वांगी नि टमाटे पसरले होते आणि ती दोन्ही हातांनी आपले गुडघे चाचपून बघत होती. एसटीतली माणसं धावत आली. तिला काही झालं नव्हतं, खरचटलंसुद्धा नव्हतं, पण तिने मला जे शिव्यांचे हार घातले ते माझ्या जन्मात कोणी घातले नव्हते. घालू दे. मी तिच्या जागी असते तर दगड घेतला असता.

बाबा लगेच उतरून चाकांकडे गेले, तेल कुठून गळतंय का ते बघायला. मी आत बसूनच होते. पेडलवरून पाय काढायला मी खाली पाहिलं, नि मला ती दिसली. माझी उजवी चप्पल. उतारावर सीटखालून सरकत पुढे आली होती आणि ब्रेकच्या पेडलखाली आडवी अडकली होती, जाड टाच वर करून. टाचेवर पेडलचा ठसा उमटला होता.

अग माय! इतकंच मनात आलं. मी वाकले, चप्पल ओढून काढली नि पायात घातली. दुसरीही शोधून घातली. का घातली? आजही मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की माझ्या हातांनी ते केलं, मला न विचारता. बाहेर दहा-बारा माणसं उभी होती. मी मास्तरीण होते. बाबांनी मला किती वेळा सांगितलं होतं, नि मी हो हो म्हणून उडवलं होतं. हे सगळं एका झटक्यात.

बाबा खिडकीशी आले. चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं. चारी चाकं कोरडी आहेत, तेल कुठंही गळत नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी मेकॅनिकचा प्रश्न विचारला.

"बाई, नीट आठवून सांग. पेडल खाली बसलं होतं का कडक झालं होतं?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला माहीत होता. परवाच अंगणात त्यांनी मला समजावलं होतं. पेडल खाली बसलं म्हणजे आत हवा राहिली, म्हणजे काम करणाऱ्याने हवा नीट काढली नाही. कडक झालं म्हणजे वेगळं काहीतरी, कुठंतरी काहीतरी अडकलं.

"खाली बसलं," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. मग ते त्या माणसांकडे वळले, नि माझ्या बापाने, तीस वर्षांत ज्याच्या हातची एक बस ब्रेक न लागता डेपोबाहेर गेली नाही त्या माणसाने, सगळ्यांपुढे हात जोडले. "पोरीची काही चूक नाही," ते म्हणाले, "परवा ब्रेकचं काम म्या केलं. हवा राहिली." ते त्या बाईजवळ गेले, खाली बसून तिचे टमाटे वेचून दिले. मी चपला घालून उभी राहून बघत होते. मला वाटलं, आता सांगते. बारशाहून परतताना सांगते. घरी गेल्यावर सांगते.

घरी गेल्यावर मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी वावरातून ओढून आणवली नि गावातल्या गॅरेजवर नेली. मेकॅनिकने चालवून पाहिली, चाकं काढून पाहिली, म्हणाला, काका, ब्रेक एक नंबर आहे, तुमच्या कामात खोट नाही. मला वाटलं, सुटले. पण झालं उलटंच. बाबा परत येऊन अंगणात बसले, आणि त्यांनी स्वतः पुन्हा सगळी हवा काढली. एक बुडबुडा निघाला नाही. पेडल टणक. संध्याकाळी जेवताना म्हणाले, चूक सापडली असती तर बरं झालं असतं. सापडत नाही म्हणजे आता मला चूक दिसायचीच बंद झाली.

हे ऐकूनही मी खरं काही सांगितलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं मी घरभर त्यांची नजर चुकवत फिरत होते आणि ते समजत होते की मी त्यांच्यावर रागावले आहे.

त्यांनी मला गाडी चालवू दिली नाही. माझ्या हातची गाडी तू चालवायची नाही, म्हणाले. मी एसटीने शाळेत जायला लागले. सकाळी सहाला बोनेट उघडायचा आवाज बंद झाला. गल्लीतली माणसं आधी काही बिघडलं की त्यांच्याकडे यायची, कोणाच्या मोटारसायकलचा प्लग, कोणाचं मिक्सर, कोणाची पाण्याची मोटर. त्यांना ते परत पाठवायला लागले. माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही, असं सरळ सांगायचे. लिंबू-मिरचीवाली शेजारीण मिक्सर घेऊन आली तेव्हा तिलाही तेच. ती जाताना माझ्याकडे बघून गेली. तिच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं, नि मी दार लावून घेतलं.

सगळ्यात वाईट म्हणजे फोन. डेपोतले त्यांचे चार जुने सोबती आहेत, सगळे निवृत्त, कोणी बुलढाण्याला, कोणी मेहकरला, कोणी कुठं. आठवड्यातून एकदा चौघांना फोन व्हायचाच. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून ते स्पीकर लावून बोलतात. त्या आठवड्यात त्यांनी चौघांनाही स्वतःहून सांगितलं. ब्रेकचं काम केलं, हवा ठेवली, पोरगी मरता मरता वाचली, एक बाई वाचली. चौघांपैकी एक पूर्वी त्यांच्या हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, उस्ताद, असं होऊच शकत नाही. बाबा म्हणाले, झालं. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो कसा असतो ते मला तेव्हा कळलं, फक्त तो मार मी त्यांना देत होते.

शाळेत तिसरीतल्या एका पोरीने वही हरवली म्हणून खोटं सांगितलं. एरवी मी तिला सोडलं नसतं. त्या दिवशी मला रागवायलाच जमेना. जा, बस, म्हटलं. वर्ग आश्चर्याने बघत राहिला.

असे पंधरा दिवस गेले. पंधरा! मोजून सांगते, कारण प्रत्येक दिवशी मी ठरवत होते नि प्रत्येक दिवशी माझी दातखीळ बसत होती. सोळाव्या दिवशी शाळेतून आले तर गॅरेजवाला मेकॅनिक आमच्या दारातून बाहेर निघत होता. त्याच्या काखेत ती तेलकट कापडाची गुंडाळी होती. त्याचा चेहरा पडलेला. ताई, घेत नव्हतो मी, म्हणाला, काका ऐकतच नाहीत. मी आत पळाले. बाबा पलंगावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर उताणे. नुसते बसलेले.

मी चपलासुद्धा काढल्या नाहीत, तशीच जाऊन त्यांच्या पुढ्यात फरशीवर बसले.

"बाबा, पेडल खाली गेलं नव्हतं. कडक झालं होतं. माझी चप्पल अडकली होती खाली. मी काढून घातली नि तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी ऐकलं का नाही ते मला समजेना. मी परत सांगितलं, मोठ्याने. आता हात उचलतील, मला वाटलं. खरं सांगायचं तर उचलावा असंच वाटत होतं.

"म्हणजे ब्रेक लागला असता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चप्पल नसती तर लागला असता?"

"हो, बाबा. लागला असता."

ते उठले. कोणती चप्पल, म्हणाले. मी पायातल्या काढल्या, त्याच जाड टाचेच्या, नि उजवी त्यांना दिली. ते ती हातात घेऊन अंगणात गेले, गाडीचं दार उघडलं, चप्पल पेडलखाली आडवी घातली नि आत बसून दाबलं. हललं नाही. चप्पल काढली, दाबलं. दबलं, धरलं. पुन्हा घातली, पुन्हा दाबलं. पाच-सहा वेळा केलं त्यांनी ते. मेकॅनिक माणूस, सांगितल्यावर विश्वास ठेवत नाही, हाताने बघतो. मी अनवाणी अंगणात उभी होते. मग ते स्टेअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागले. माझा बाप आई गेली तेव्हाही असा रडला नव्हता. आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं, ते मला दिसत होतं. त्यांना माझा राग यायलाच वेळ मिळाला नाही, इतका आनंद झाला होता त्यांना. मी एवढी हादरले त्या आनंदाने, की मला त्यांच्याजवळ जाता येईना.

आत येऊन त्यांनी तोंड धुतलं, चहा मागितला. चहा पिता पिताच गॅरेजवाल्याला फोन लावून पाने परत आण म्हणून दम दिला. मग डेपोतल्या सोबत्याला लावला, तो बुलढाण्याचा. स्पीकर सुरू. ब्रेक बरोबर होता, बाबांनी सांगितलं. आवाज पहिल्यासारखा झाला होता. पेडलखाली चप्पल अडकली होती, आत्ता सापडलं. पलीकडचे काका खळखळून हसले. मी म्हटलंच होतं, म्हणाले, तुह्या हातून असं व्हायचंच नाही. मग त्यांनी विचारलं, चप्पल कोणाची होती?

मी ओट्याशी उभी होते. बाबांनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं.

"माहीच," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाची राहणार? वय झालं आता."

काका अजूनच हसले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पायाखालच्या बाटल्या काढल्या आणि स्वतःची चप्पल दिसली नाही का, असं काहीतरी बोलत होते. बाबाही हसले त्यांच्यासोबत. हाव ना, म्हणाले.

मी हातातला पेला खाली ठेवला. बाहेरच्या खोलीत गेले नि त्यांच्या हातातून फोन घेतला. "काका," मी म्हणाले, "चप्पल माझी होती. आणि पेडल खाली गेलं असं मी खोटं सांगितलं होतं."

पलीकडे हसणं थांबलं. मग हळूच फोन ठेवल्याचा आवाज आला.

बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा लावला, यादीतून दुसरा नंबर काढला, मेहकरचा, आणि फोन परत माझ्या हातात दिला.

"अजून तिघं हायेत," ते म्हणाले. "त्यायलेही तूच सांग."

मी नंबर लावला.